मदतीचा पहिला फोन कुणाला, कसा करायचा : जुन्नर-आंबेगावच्या पालकांसाठी

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतले पालक समुपदेशनाबद्दल विचारतात ते प्रश्न फिरून फिरून तेच असतात. फोनवर बोलून कुठं भीती जाते का? गावात कळलं तर? आधी पोराला दाखवायचं की आम्हालाच? मोबाइलवर दिसणारा डॉक्टर खरा कशावरून? आणि शेवटी, जरा दबकत : पैसे किती लागतील? प्रश्न रास्त आहेत. त्यांची सरळ उत्तरं मिळत नाहीत म्हणून माणसं महिनोन्‌महिने थांबतात. या लेखात तीच उत्तरं आहेत.

या भागात ताणाची कारणं शोधायला जावं लागत नाही. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे चार तालुके येतात आणि उसात वाढलेला बिबट्या इथं घराच्या ओट्यापर्यंत येतो. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये साधारण तीन आठवड्यांत तिघांचा जीव गेला. त्यांत दोन मुलं होती. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात पावसाळा तोंडावर आला की माळीण आठवतं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी तिथं दरड कोसळली आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. पुढं आमडे इथं नवं गाव वसलं. पण रात्रभर पाऊस लागल्यावर डोंगराकडे कान लावून बसणाऱ्या माणसाला भित्रं म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. मधल्या बागायती पट्ट्यात नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव पडला की तोडणीची मजुरीही सुटत नाही, आणि सोसायटीचा हप्ता तर ठरलेला असतो.

या सगळ्यात पालक बहुतेक वेळा मदत मागतात ती मुलासाठी. माझं सांगणं थोडं वेगळं आहे : मूल घाबरलेलं असलं तरी पहिला फोन तुम्ही स्वतःसाठी करा. लहान मूल धोका किती मोठा आहे हे आईबापाच्या चेहऱ्यावरून ठरवतं. तुमची झोप, तुमचा आवाज ताळ्यावर आला की मुलाचं निम्मं काम तिथंच होतं.

आधी एवढं ठरवा : किती घाई आहे?

- घटना ताजी आहे, आठ-पंधरा दिवसच झालेत. झोप न लागणं, दचकणं, तेच दृश्य डोळ्यांसमोर येणं, जेवण न जाणं हे या काळात होतंच. बहुतेकांचं काही आठवड्यांत कमी होत जातं. सोबत, झोप, जेवण आणि रोजची कामं हळूहळू सुरू होणं याला आत्ता जास्त महत्त्व आहे. बोलावंसं वाटलं तर फोन जरूर करा. पण "काय झालं ते पहिल्यापासून सांग" असा आग्रह त्या माणसाला कुणीही करू नये, नातेवाइकांनी नाही आणि पत्रकारांनी तर नाहीच. बळेबळे सांगायला लावल्यानं जखम पुन्हा उघडते.
- महिना उलटला तरी तसंच आहे, किंवा वाढतंय. शेतावर जाववत नाही, मुलं शाळेत जात नाहीत, घरात रोज भांडण, रोज दारू. आता थांबू नका. समुपदेशन याच टप्प्यासाठी आहे.
- जीव द्यायचा विचार बोलून दाखवला जातोय, किंवा तशी तयारी दिसतेय. त्या माणसाला एकटं सोडू नका. घरातली फवारणीची औषधं त्याच दिवशी बाहेर काढा आणि दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. शेतकरी घरात ही एक कृती जीव वाचवते, कारण त्या टोकाच्या विचाराची लाट अनेकदा थोड्या वेळात ओसरते आणि तेवढ्या वेळात हाताशी काही नसणं गरजेचं असतं. औषध पोटात गेलंच असेल तर १०८ ला फोन करून थेट दवाखाना गाठा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढत बसू नका. औषधाचा डबा मात्र सोबत न्या. हिंसा होत असेल तर ११२.

पहिला फोन : १४४१६

कुणाला फोन करायचा हे सुचत नसेल तर १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा. ती १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास चालते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. हाच फोन १८००-८९१-४४१६ वरही लागतो. साधा बटणाचा मोबाइल चालतो, इंटरनेट लागत नाही. डोंगरपट्ट्यातल्या घरांसाठी ही मोठी सोय आहे.

फोन लागल्यावर आधी भाषा निवडायला सांगतात. मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. त्याला वाटलं की प्रश्न त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे, तर तो तज्ज्ञाशी जोडून देतो किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाचा पत्ता सांगतो. म्हणजे मला समुपदेशक हवा की डॉक्टर, हे तुम्ही आधी ठरवायची गरज नाही.

बरेच जण फोन लावतात आणि पलीकडून आवाज आला की ठेवून देतात, कारण सुरुवात कशी करायची ते कळत नाही. कागदावर चार ओळी लिहून घ्या आणि वाचून दाखवा, तेही चालतं. साधारण असं :

"मी आंबेगाव तालुक्यातून बोलतेय. आमच्या शेजारी बिबट्यानं हल्ला केला त्याला दीड महिना झाला. तेव्हापासून मला रात्री झोप नाही. अंधार पडला की छातीत धडधडतं. मुलीला मी अंगणातही सोडत नाही, त्यावरून सासूबाईंशी रोज वाद होतो. मला हे कमी करायचंय. मला बोलायला पंधरा मिनिटं आहेत."

एवढं पुरतं. काय झालं, कधीपासून, कशावर परिणाम झालाय, काय हवंय आणि किती वेळ आहे. शेवटचं वाक्य विसरू नका; वेळ कळला की समुपदेशक महत्त्वाचं आधी घेतो.

आणखी वाटा

- आशाताई आणि आरोग्य उपकेंद्र. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी 'ई-संजीवनी' या सरकारी सेवेतून डॉक्टरांशी ऑनलाइन गाठ घालून देऊ शकतात. तुमच्याकडे स्मार्टफोन नसेल तर ही वाट धरा. त्या दिवशी मानसोपचाराचे डॉक्टर आहेत का, हे आधी विचारून जा.
- आयकॉल. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची सेवा, ९१५२९८७८२१. ही चोवीस तास नसते, दिवसा ठरावीक वेळेत चालते. घरात बोलणं अशक्य असेल तर लिहूनही संपर्क करता येतो.
- आयपीएच. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेली मानसिक आरोग्याची संस्था; पुण्यातही केंद्र आहे. मराठीतून काम हे तिचं बळ.
- प्रत्यक्ष जायचं झालं तर मंचरचं उपजिल्हा रुग्णालय, पुढं औंधचं जिल्हा रुग्णालय, येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आणि ससून. मंचरला जाण्याआधी मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात ते फोनवर विचारा, म्हणजे मजुरीचा दिवस वाया जायचा नाही.
- मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, ज्येष्ठांसाठी १४५६७. बिबट्या दिसला, गुरावर हल्ला झाला तर वनविभागाचा १९२६. नुकसानभरपाई आणि समुपदेशन ही दोन वेगळी कामं आहेत. एक चालू असताना दुसरं थांबवायचं कारण नाही.

घरात बोलायला जागा कुठं?

शहरातले सल्ले इथंच लंगडे पडतात. "शांत खोलीत दार लावून बसा" असं सांगतात. दोन खोल्यांत सात माणसं असतील, मोबाइल मुलाच्या खिशात असेल आणि सासरे ओसरीवरच बसत असतील, तर दार कुठलं लावायचं? ऑनलाइन समुपदेशन अर्ध्यावर सुटण्याचं गावाकडचं खरं कारण मला हेच दिसतं. तेव्हा जागेचा आणि वेळेचा विचार फोनच्या आधी करा.

पहिली गोष्ट जिवाची. रेंज शोधत किंवा एकांत शोधत संध्याकाळनंतर शेताच्या बांधावर, उसाच्या कडेला, ओढ्याकडे जाऊ नका. फोनवर बोलणारा माणूस वाकून, एका जागी, आजूबाजूचं भान हरपून बसतो. बिबट्याच्या भागात असं बसणं धोक्याचं आहे. पहाटेचंही तेच. बैठक दिवसाउजेडी ठेवा. समुपदेशकाला हे कारण स्पष्ट सांगा. पुण्या-मुंबईत बसलेल्या माणसाला ते आपसूक कळणार नाही.

मग जागा कोणत्या?

- उभ्या पिकअपची किंवा गाडीची काचा लावलेली केबिन, घराजवळच.
- शाळा सुटल्यावर वर्गखोली, शिक्षकांना सांगून. किंवा उपकेंद्रातली खोली, आशाताईंना सांगून.
- दुपारी, म्हातारी माणसं कलंडल्यावर, स्वयंपाकघर. नळ चालू ठेवायची गरज नाही; इअरफोन लावलात तर पलीकडचं कुणाला ऐकू जात नाही आणि तुम्ही "हो", "नाही", "थोडं" एवढ्यावरही बोलू शकता. हे समुपदेशकाला सुरुवातीलाच सांगून ठेवा, म्हणजे तो तशाच बेतानं प्रश्न विचारतो.
- पश्चिम पट्ट्यात घरी रेंजच नसेल तर आठवडे बाजाराच्या दिवशी जुन्नरला किंवा घोडेगावला आल्यावरची वेळ ठरवून घ्या.

व्हिडिओचा हट्ट नको. चित्र अडकत, आवाज तुटत झालेल्या बैठकीपेक्षा साधा फोन कितीतरी बरा. फोन कट झाला तर कोण पुन्हा लावणार, हे पहिल्याच मिनिटात ठरवा. रडता रडता फोन तुटला आणि पलीकडून कुणी परत लावलाच नाही, असं झालं की माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही.

मोबाइल घरात सगळ्यांचा मिळून असेल तर आणखी एक तपासा. अनेक फोनमध्ये प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होण्याची सोय चालू असते. ती आधी बंद करा. घरातच मारहाण किंवा छळ होत असेल तर बोलून झाल्यावर कॉलची नोंदही पुसा.

ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांचा विसर पडू देऊ नका. कोपीला दार नसतं, उसाच्या फडाला लागूनच ती उभी असते आणि ओळखीचं कुणी नसतं. तुमच्या शेतावर टोळी असेल तर १४४१६ आणि १०९८ हे दोन आकडे मुकादमाला नव्हे, थेट तिथल्या बायकांना सांगा.

पैसे देऊन समुपदेशक निवडताना

मोबाइलवर जाहिराती भरपूर येतात. नाव, फोटो आणि "हजारो लोकांना बरं केलं" एवढ्यावर जाऊ नका. हे विचारा :

१. शिक्षण आणि नोंदणी. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर पुढं शिकलेला डॉक्टर असतो; त्याचा वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो आणि ऑनलाइन तपासणाऱ्या डॉक्टरलाही तो दाखवावा लागतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशकाचं किमान मानसशास्त्रातलं किंवा समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण असावं. आठवड्याच्या कोर्सवर समुपदेशक झालेले खूप आहेत.
२. आघातग्रस्त माणसांबरोबर काम केलंय का? नवरा-बायकोच्या वादावर चांगलं काम करणारी व्यक्ती इथं उपयोगी पडेलच असं नाही.
३. फी किती, बैठक किती मिनिटांची, साधारण किती बैठका? आठ-दहा बैठकांचे पैसे एकदम मागत असतील तर थांबा. एका बैठकीचे द्या, मग ठरवा. फी जमत नसेल तर कमी होईल का, हे विचारायला संकोच नको. अनेक संस्था करतात.
४. नोंदी कुठं ठेवता? बैठक रेकॉर्ड करणार असतील तर तुमची परवानगी लागते. नाही म्हणायचा हक्क तुमचा.

आधारचा फोटो, ओटीपी, मुलाचे फोटो मागणाऱ्याशी बोलणं लगेच बंद करा. पैसे फसवून घेतले गेले तर १९३० वर तक्रार करा. "एका बैठकीत भीती कायमची घालवतो" म्हणणारा, किंवा पहिल्याच फोनला "हे बाहेरचं आहे" म्हणून विधी सुचवणारा, दोघांनाही टाळा. देवाला नवस बोललात, भगताकडे जाऊन आलात, तर तेही समुपदेशकाला मोकळेपणानं सांगा. चांगला समुपदेशक त्यावरून तुम्हाला हिणवत नाही.

मुलांसाठी मदत घेताना

मुलांची भीती शब्दांत येत नाही. सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं. पोट दुखतं, तेही नेमकं शाळेच्या वेळी. आईचा पदर सुटत नाही. खेळात तेच ते येतं : एक जण बिबट्या होतो, दुसऱ्याला ओढत नेतो. हा खेळ पाहून आईबापाच्या काळजात चर्र होतं आणि ते ओरडतात. ओरडू नका. मूल खेळातूनच ते पचवत असतं. खेळाचा शेवट दरवेळी भयानकच होत असेल आणि मूल त्यातून बाहेर येत नसेल, तर समुपदेशकाला सांगा.

सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलाला फोनवर बसवून समुपदेशन करण्यात फारसा अर्थ नाही. समुपदेशक आईबापाला शिकवतो आणि आईबाप घरी करतात, हीच पद्धत या वयाला लागू पडते. मोठ्या मुलाला मात्र थोडा वेळ एकट्यानं बोलू द्या. दाराबाहेर थांबा, नंतर "काय काय सांगितलंस?" असं खोदून विचारू नका.

तोवर घरी करायच्या गोष्टी :

- गावच्या ग्रुपवर येणारे बिबट्याचे सीसीटीव्ही व्हिडिओ मुलांसमोर लावू नका. दहा वेळा पाहिलेला व्हिडिओ मुलाच्या मनात दहा बिबट्यांचा होतो. शिवाय संगणकावर बनवलेली खोटी चित्रंही फिरतात. खात्री नसलेलं पुढं पाठवू नका.
- खरं सांगा, थोडक्यात सांगा. "काही होत नाही" हे खोटं आहे आणि मुलाला ते कळतं. "बिबट्या या भागात आहे. म्हणून आपण अंधार पडायच्या आत घरात येतो, बाहेर जाताना मोठं माणूस सोबत असतं, बॅटरी असते" हे खरं आहे आणि त्यात काय करायचं तेही आहे.
- भीती घालून जेवायला, झोपायला लावणं आजपासून बंद. "वाघ येईल हं" हे वाक्य इथल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. आता त्याचा अर्थ बदललाय.
- शाळा पूर्ण बंद करू नका. सोबतीनं पाठवा, वर्गशिक्षकांना सांगून ठेवा.

फोनवरून काय होत नाही

भास होणं, कुणी मारायला टपलंय अशी पक्की समजूत, झटके, दिवस-दिवस अन्नपाणी न घेणं यांसाठी प्रत्यक्ष डॉक्टरच हवा. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम बंद केल्यावर थरकाप, घाम, भास सुरू झाले तर ती तातडीची वेळ आहे, रुग्णालय गाठा.

समुपदेशक गोळ्या लिहून देऊ शकत नाही. डॉक्टर ऑनलाइन तपासून काही औषधं लिहू शकतात. मार्च २०२० मध्ये केंद्रानं त्याचे नियम घालून दिलेत. पण सवय लागणाऱ्या काही गोळ्यांना त्यात मनाई आहे. म्हणून "झोपेची गोळी लिहून द्या" या मागणीला डॉक्टर नाही म्हणाले तर ते नियमानं वागतायत. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर मेडिकलमधून गोळी आणू नका.

तुमचे हक्क

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मे २०१८ पासून लागू आहे. त्यातलं तुमच्या कामाचं एवढं :

- सरकारी यंत्रणेकडून मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा हक्क आहे.
- तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. सरपंचाला, मालकाला, सासरच्यांना ती परस्पर देता येत नाही. अपवाद मोजके : तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश. मुलावर लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावंच लागतं. समुपदेशकानं हे सुरुवातीलाच सांगायला हवं. नाही सांगितलं तर तुम्ही विचारा.
- आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं कायदा धरून चालतो. त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे आहेत. पोलीस केसच्या भीतीनं दवाखान्यात न्यायला उशीर करू नका.
- आरोग्य विमा कंपनीनं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे. मात्र फोनवरच्या समुपदेशनाची फी बहुतेक पॉलिसींत बसत नाही. पॉलिसीचा कागद वाचून घ्या.

दोन-तीन बैठका झाल्यावर

पहिल्या बैठकीनंतर कधीकधी आणखी अस्वस्थ वाटतं, रडू येतं. लगेच सोडू नका. तिसऱ्या बैठकीपर्यंत मात्र काहीतरी हललेलं दिसायला हवं : झोप तासभर वाढली, मूल सोबतीनं शाळेच्या फाटकापर्यंत गेलं, दिवस मावळतानाची धडधड थोडी उशिरा सुरू झाली. यातलं काहीच नसेल तर समुपदेशकाला तसं स्पष्ट सांगा. तो पद्धत बदलेल किंवा दुसऱ्याकडे पाठवेल. तुमच्या परिस्थितीची खिल्ली उडवली, "मग गाव सोडा" असं सरळ सुनावलं, बैठकीबाहेर नको ते मेसेज केले, तर कारण न देता बंद करा आणि दुसरा शोधा. १४४१६ वर पुन्हा फोन केला तरी चालतो. दुसऱ्या वेळी कदाचित वेगळी व्यक्ती फोन घेईल. म्हणून आधीच्या फोनची तारीख आणि तेव्हा काय सांगितलं होतं ते त्याच कागदावर लिहून ठेवा.